पहिल्या पावसात मागची चाकं सुटतात: तीन वर्षं भलत्याच जागी शोधलेलं दुखणं

तक्रार थोडक्यात अशी. गाडी आठ सिलिंडरची, चारशेच्या आसपास अश्वशक्तीची, इंजिन पुढे आणि सगळा जोर मागच्या चाकांवर. ऑक्टोबर ते मे शहाण्यासारखी चालते. जूनची पहिली सर आली की वळणावर मागची बाजू सुटते. जुलैत आपोआप बरी होते. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मी ती २०२१च्या दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४, तिन्ही जूनमध्ये तिने मला हिसका दाखवला आणि तिन्ही वेळा जवळजवळ एकाच ठिकाणी, गोव्यात फर्मागुडीहून फोंड्याकडे उतरताना. पहिल्या वेळचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळची वेळ, सर नुकतीच पडून गेलेली, रस्त्यावर गुलमोहोराच्या पाकळ्या चिकटलेल्या. पुढच्या पायलटने, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याने, मागे माणूस बसवण्यासाठी अचानक मोटरसायकल कडेला घेतली. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. ब्रेकला पाय लावलासुद्धा नव्हता. तेवढ्यात पाठीखालची सीट उजवीकडे सरकल्यासारखी वाटली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडला, आणि क्षणभर मला रस्ता बाजूच्या काचेतून दिसत होता. घसरणारी चाकं आवरणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलने सावरलं म्हणून निभावलं. वेग चाळीससुद्धा नसेल.

पहिल्या वर्षी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली. गाडी बरी झाली. दुसऱ्या वर्षी एका वर्कशॉपने मागच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर बदलला, बिल पाच आकडी. तरीही गाडी बरी झाली! तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एकाने सांगितलं की सॉफ्टवेअर नव्याने घालावं लागेल, आणि मी पैसे द्यायच्या बेतात होतो.

इथेच माझी गोची होती, आणि अशी मोसमी तक्रार असणाऱ्या प्रत्येकाची होते. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावर काय असतं ते आठवा: आठ महिन्यांचं सांडलेलं डिझेल-ऑइल, झिजलेल्या टायरांची पूड, जांभ्याची लाल धूळ. थोड्याशा पाण्यात याचा बुळबुळीत लेप होतो. दोन-तीन आठवडे मुसळधार पाऊस झाला की रस्ता धुऊन निघतो आणि पकड परत येते. म्हणजे मी जूनमध्ये गाडी गॅरेजला टाकायचो, मेकॅनिक काहीतरी बदलायचा, आणि गाडी बाहेर येईपर्यंत रस्ता धुतलेला असायचा. पावसाने केलेल्या कामाचं बिल मी गॅरेजला देत होतो. मोसमाबरोबर येणारं दुखणं मोसमाबरोबरच जातं, मध्ये केलेला कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. म्हणून दुरुस्ती खरी की खोटी हे ठरवायचं तर त्याच प्रकारच्या ओल्या रस्त्यावर, त्याच वेगात, आधी आणि नंतर बघावं लागतं.

सॉफ्टवेअरचे पैसे वाचले ते फोंड्यातल्या एका म्हाताऱ्या मेस्तामुळे, म्हणजे मिस्त्रीमुळे. त्याच्याकडे मी गेलो होतो वायपरसाठी. गाडीभोवती एक फेरी मारून तो मागच्या टायरजवळ उकिडवा बसला, अंगठ्याचं नख खाचेच्या कडेवर दाबलं, मग पुढच्या टायरवर दाबलं, आणि मला म्हणाला, "बाब, हें रबर न्हय, फातर." म्हणजे हे रबर नाही, दगड आहे. मी म्हटलं, अहो, नक्षी तर बघा, पाच मिलिमीटर शिल्लक आहे, टक्कल कुठे पडलंय? त्याने उत्तर न देता टायरच्या बगलेवरची माती बोटाने पुसली आणि मला वाचायला लावलं. ४११६.

हे चार आकडे वाचायला शिकलात तर या लेखाचं अर्धं काम झालं. टायरच्या बगलेवर 'डॉट' (DOT) अक्षरांनंतर लांबलचक संकेतांक असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ४११६ म्हणजे २०१६चा एकेचाळिसावा आठवडा. माझे मागचे टायर पावणेआठ वर्षांचे होते. पुढच्यांवर ०८२० होतं, कारण आधीच्या मालकाने खड्ड्यात रिम वाकल्यावर पुढचे दोन बदलले होते. पूर्ण संकेतांक बहुधा एकाच बगलेवर असतो. ती बाजू आतल्या अंगाला गेली असेल तर गाडी उचलून टॉर्चने बघा. दुकानदार 'दिसत नाही' म्हणाला तर त्याचा अर्थ फक्त त्याला वाकायचं नाही.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन-ओझोन यांनी ते कडक होत जातं, त्यातली मऊपणा देणारी तेलं निघून जातात. गोव्याच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, हे आणखी लवकर. ओल्या रस्त्यावर पकड येते ती रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत खळग्यांत दबून बसल्यामुळे. कडक रबर दबतच नाही, खडीवरून नुसतं सरकतं. कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर हे जाणवत नाही, म्हणून आठ महिने गाडी साधी. दमदार गाड्यांचं हेच नशीब असतं: रविवारी बाहेर निघतात, वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालतात, नक्षी झिजत नाही आणि मालकाला वाटतं टायर नवेच आहेत. रोज फोंडा-पणजी करणाऱ्याच्या गाडीचे टायर म्हातारे व्हायच्या आत झिजून जातात.

मेस्ताच्या नखावर विश्वास नव्हता असं नाही, पण माझा हट्टी स्वभाव. एका टायरवाल्याकडे रबराचा कडकपणा मोजायचं ड्युरोमीटर मिळालं. सावलीत, थंड टायरवर मोजलं: पुढे ६६, मागे ७९. आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. पुढचं धरून ठेवतंय आणि मागचं सोडतंय अशी जोडी म्हणजे गाडी फिरायला आमंत्रणच. उलटं असतं, पुढचे कडक आणि मागचे मऊ, तर गाडी वळायला नकार देऊन सरळ पुढे घसरली असती, जे त्यातल्या त्यात सावरायला सोपं.

आता तुमच्याही गाडीला हेच असेल असं नाही. आधी एका गोष्टीचं प्रामाणिक उत्तर द्या: मागची बाजू सुटली त्या क्षणी तुमचा पाय काय करत होता?

पाय रेस देत होता, म्हणजे सर्कलमधून बाहेर पडताना किंवा सिग्नलवरून वळताना सुटली, तर टायर पहिला संशयित आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारी गिअरची पेटी, दुसरा. अशा गाड्यांत बहुतेक वेळा घसरण मर्यादित करणारं डिफरन्शियल असतं. ते दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देतं, म्हणून कोरड्यात छान खेचतं, पण ओल्यात दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात आणि मग मागच्या बाजूला धरून ठेवणारं कुणीच उरत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक भिरभिरतं, दुसरं कसंबसं ओढून धरतं. पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग कापून हळू वळताना मागून कटकट, थरथर जाणवत असेल तर तेल बदलण्याची वेळ आली आहे. यातल्या क्लचप्लेटवाल्या प्रकाराला तेलात घर्षणाचं खास मिश्रण लागतं, नेहमीचं गिअर ऑइल ओतून चालत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला.

पाय उचलला होता, किंवा गिअर खाली पडला होता, माझ्यासारखा, तर टायरबरोबर चालकही दोषी. मोठ्या इंजिनवरून पाय पटकन काढला की इंजिन ब्रेकसारखं काम करतं, आणि ते ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांवर येतं. त्याच वेळी वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. उतार असला की दुप्पट. स्पोर्ट मोडवर ठेवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतारावर स्वतःच एक गिअर खाली टाकतो, तो झटका नेमका वळणात येतो. पावसाळ्यात उतार लागायच्या आधी गिअर निवडून ठेवायचा, उतारावर नाही.

पाय स्थिर होता, रस्ता सरळ किंवा किंचित वळणाचा होता, आणि पुलाच्या लोखंडी सांध्यावर किंवा खड्ड्याच्या पॅचवर मागची बाजू बाजूला उडाली, तर खाली घुसा. मागचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मचे (दांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बघा. इथे एक मेख आहे: अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते, तिच्यावर जोर नसतो, म्हणून फाटलेला बुशसुद्धा हिरवे आकडे दाखवतो. रस्त्यावर ब्रेक किंवा रेस पडली की तोच बुश दबतो, मागचं चाक बाहेरच्या बाजूला तोंड करतं आणि गाडी मागून स्टिअरिंग मारल्यासारखी वागते. मेकॅनिकला टॉमी (लोखंडी पहार) लावून प्रत्येक आर्म हलवून दाखवायला सांगा आणि स्वतः बघा. शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ आहे का तेही त्याच वेळी. माझ्या गाडीत उजव्या खालच्या आर्मच्या बुशला चीर निघाली, तो बदलला, मग अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर लावून घ्यायला विसरू नका. तो चुकला तर ट्रॅक्शन आणि स्थैर्य सांभाळणाऱ्या यंत्रणेला गाडी कुठे जायला बघतेय तेच चुकीचं कळतं.

वेग जास्त होता, रस्त्यावर पाणी साचलेलं होतं आणि स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं झालं, तर ती वेगळीच गोष्ट: टायर पाण्यावर तरंगला. यासाठी विमानांच्या टायरांवरच्या चाचण्यांतून निघालेलं एक ढोबळ सूत्र आहे. हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १६.७ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. ३२ पीएसआयला ९४ येतं, २४ला ८२. म्हणजे हवा कमी असली तर तरंगण्याचा वेगही खाली येतो. पण यावर निर्धास्त होऊ नका. आपले टायर २७५ मिलिमीटर रुंदीचे, पसरट, त्यांना अरुंद टायरपेक्षा जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि नक्षी झिजली की ते जमत नाही. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण रुंद टायरवर ३च्या खाली गेलं की मी पावसाळ्यात गाडी बाहेर काढत नाही. रात्री नव्या महामार्गावर दुभाजकाच्या कडेची लेन टाळा, पाणी तिथेच साचतं. तसंही पावसाळ्यात रात्री गुरं कोरडी जागा बघून डांबरावर येऊन बसतात, त्यामुळे वेगाची हौस कुणाला असेलच तर ती इतर महिन्यांसाठी ठेवावी.

आणि गाडी नेहमी एकाच बाजूला ओढत असेल तर हवेचा फरक बघा, मग अडकलेला ब्रेक. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कॅलिपरच्या (ब्रेकचं पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकून गंजतात, पॅड डिस्कला चिकटून राहतं. पंधरा मिनिटं चालवून थांबा आणि चारही रिमजवळ तळहात न्या, हात लावू नका. एकीकडून झळ लागली तर तोच. पिनांना ब्रेकसाठीचं खास ग्रीसच लावायचं, साध्या ग्रीसने रबराचे बूट फुगतात. सेन्सरचं म्हणाल तर बदलण्याआधी पाण्याने धुऊन बघा. डिचोली-साखळीकडे लाल मातीच्या ट्रकांमागून एक फेरी झाली की सेन्सरवर मातीचं सारवण बसलेलं असतं. माझा बदललेला सेन्सर मी जपून ठेवलाय. तो चांगला आहे.

हवा मात्र सकाळी, गाडी थंड असताना घरीच तपासा. पेट्रोल पंपापर्यंत चालवत नेलं की टायर तापतो आणि काटा वर दाखवतो, आपण समाधानाने परत येतो. तापमान दहा अंशांनी उतरलं तर दाब साधारण २ पीएसआय उतरतो, त्यामुळे मेच्या भर दुपारी भरलेली हवा जूनच्या पावसाळी पहाटे कमीच निघणार. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या बगलेवरचा आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. नायट्रोजनने काही बिघडत नाही, पण पावसातली पकड त्याने वाढत नाही.

टायर घेतानाचा एक अनुभव सांगतो, कारण इथेच बरेच जण फसतात. मागच्या चाकांचा हा आकार गोव्यात रोज खपणारा नाही. एका दुकानात 'अगदी नवे' म्हणून दाखवलेले टायर तीन वर्षांपूर्वी बनलेले निघाले. अंगावर रबराचे केस शिल्लक, लेबल चकचकीत, पण संकेतांकातली तारीख जुनी. मी बाहेरून मागवले, फोनवरच संकेतांक विचारून घेतला आणि बिलावर लिहून मागितला. दोन आठवडे थांबावं लागलं. पुढे एक कंपनी, मागे दुसरी असं करू नका. पुढच्या-मागच्या टायरच्या घेराचं प्रमाण बिघडलं तर ट्रॅक्शन कंट्रोलला चाक घसरतंय असा भास होतो आणि दिवा विनाकारण लागतो. आणि ट्रॅकसाठी बनवलेले, जवळपास नक्षीच नसलेले टायर कोरड्यात कितीही गोड वाटले तरी कोकणच्या पावसात घालू नयेत. यावर मित्रांशी माझं भांडण झालेलं आहे.

नवे टायर, बुश आणि पिना झाल्यावर मी ओळखीच्या एकाच्या परवानगीने त्याच्या गोदामाच्या काँक्रीटच्या आवारात रविवारी सकाळी गाडी नेली. पाण्याचा टँकर फिरवून जमीन भिजवली, मध्ये एक ड्रम ठेवला आणि पंचवीसच्या वेगाने त्याच्याभोवती गोल फिरलो. जुने मागचे टायर मी मुद्दाम रिमवर ठेवून दिले होते, ते मेस्ताच्या पोराकडून चढवून आधी तीच फेरी केली होती. जुन्यांवर रेस जरा वाढवली की दिवा फडफडायचा आणि मागची बाजू ड्रमपासून दूर पळायची. नव्यांवर तेवढ्याच रेसला काही नाही, थोडी आणखी दिली तेव्हा हळू, सांगून सरकली. 'सांगून' हा शब्द महत्त्वाचा आहे. कडक टायर सुटतो तो न सांगता.

त्याच आवारात पायालाही शिकवलं. मागची बाजू सुटली की तीन गोष्टी: ब्रेकवर उडी नाही, ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही, हळू कमी करायचा, आणि नजर जिथे जायचं तिथे. मागचं टोक उजवीकडे गेलं तर स्टिअरिंगही उजवीकडे. पण पकड परत येताच ते तितक्याच चपळाईने सरळ करायचं, नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फेकली जाते. बहुतेक जण भिंतीला लागतात ते या दुसऱ्या झोक्यात. हे वाचून येत नाही, ओल्या मोकळ्या जागेत पाच-पन्नास वेळा करावं लागतं. रस्त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून 'जरा बघू' म्हणू नका. आणि ते चालू आहे म्हणून बिनधास्तही होऊ नका. ते इंजिनचा जोर कापतं, एकेका चाकाला ब्रेक लावतं, पण टायरमध्ये नसलेली पकड कुठून आणणार? तीन वर्षं ते माझ्या दगडी टायरांची बाजू सावरत होतं, आणि मी मात्र त्याच्याच सेन्सरवर आळ घेत होतो.

२०२५च्या जूनमध्ये पहिली सर पडली त्याच संध्याकाळी मुद्दाम फर्मागुडीला गेलो. गाडी रेन मोडवर, गिअर उताराआधीच निवडलेला, वेग तोच. गुलमोहोराच्या पाकळ्याही होत्या. पिवळा दिवा लागला नाही. दोन परत फेऱ्या मारल्या, एकदा मुद्दाम पाय जरा लवकर उचलून. मागून किंचित हलल्यासारखं वाटलं, तेवढंच. खात्रीसाठी जुलैची वाट बघायची नव्हती.

जुने टायर मेहुण्याने नेले. त्याच्या होडीच्या कडेला बांधलेत, धक्क्याला घासू नये म्हणून. तो म्हणतो इतर टायरांपेक्षा हे फारच कडक आहेत, होडीला धक्का बसतोच.